वाट पाहण्याची वही

जयगडला कुणाच्याही घरी जा, घरातलं एखादं माणूस बाहेर असतंच. कुणी मच्छीमारीच्या बोटीवर, कुणी मुंबईत, कुणी आखातात, कुणी मोठ्या मालवाहू जहाजावर. शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. खाडीपलीकडे गुहागर तालुक्यातलं तवसाळ, वर किल्ला, आणि डोंगराच्या दुसऱ्या अंगाला धामणखोलचं बंदर नि औष्णिक वीजप्रकल्पाची चिमणी. रात्री बाहेर समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या कोळशाच्या जहाजांचे दिवे दिसतात. त्या जहाजांत माल किती असेल हे इथल्या बायका बोलत नाहीत. त्यांवर माणसं किती असतील आणि ती घरी कधी उतरतील, हे बोलतात.

मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांच्या घरी जाऊन गृह अध्ययन अहवाल लिहिणं हे माझं काम. रत्नागिरीहून निवळी, चाफे, वाटद-खंडाळा करत एसटी जयगडला पोचते, तोवर पुढच्या घरात काय काय विचारायचं ते मी मनाशी लावून घेतलेलं असतं. मिळकत, आजारपणं, लग्नाला किती वर्षं झाली, मूल का हवंय, घरात आणखी कोण आहे, मूल रात्री उठलं तर कोण उठणार. कागदावर या सगळ्याला रकाने आहेत. पण त्या घराचं रोजचं चालतं कसं, हे रकान्यांत मावत नाही. ते चहा होईपर्यंत ओटीवर बसून बघावं लागतं.

पुढे ज्या घराबद्दल लिहिणार आहे त्यातल्या कुणाचंही नाव इथे येणार नाही, ओळख पटेल अशा काही खुणाही मी बदलल्या आहेत. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. ते कलम नसतं तरी मी असंच लिहिलं असतं. त्या मुलीची गोष्ट आधी तिची आहे.

दत्तकाची वाट पाहणारी घरं दोन प्रकारची असतात, असं इतक्या वर्षांत माझं मत झालंय. काही घरं लपून वाट पाहतात. मी गेले की दार लोटून घेतात, शेजारच्या काकू डोकावल्या तर मी ‘बँकेच्या बाई’ होते, आणि निघताना हळूच सांगितलं जातं, की मॅडम, पुढच्या वेळी फोन करून या, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. काही जणी तर मूल येईपर्यंत माहेरी जाऊन राहायचं, म्हणजे लोकांना वाटेल बाळंतपणच झालं, असा बेत मोकळेपणानं मला सांगतात. त्यांना मी दोष देत नाही. मूल होत नाही म्हणून बाईला जे ऐकून घ्यावं लागतं ते मी ऐकलेलं आहे. हळदीकुंकवात कुणाच्या हाताला आधी कुंकू लागतं हेही पाहिलंय. पण जे घर लपून वाट पाहतं ते पुढे मुलापासूनही लपवतं. आणि जयगडसारख्या गावात असं काही लपून राहत नाही. कुणाच्या जाळ्यात काय लागलं हे बोट धक्क्याला लागायच्या आत वाडीला कळतं, तिथे मूल कुठून आलं हे पंधरा वर्षं झाकून ठेवणार कसं? शाळेच्या वाटेवर कुणीतरी पोर ते बोलून जातं. आईबापांच्या तोंडून ऐकायची गोष्ट मुलाला रस्त्यावर ऐकावी लागते.

म्हणून माझा पहिला प्रश्न मिळकतीचा नसतो. घरात आणि वाडीत कुणाकुणाला माहीत आहे, तो असतो.

वाट थोडीथोडकी नाही. केंद्रीय दत्तक ग्रहण प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची, कागद चढवायचे, गृहभेट व्हायची आणि मग ज्येष्ठतेच्या यादीत आपला क्रमांक किती सरकला ते बघत राहायचं. २०१५ पासून सगळा देश एका यादीत आहे. धडधाकट, लहान मूल हवं म्हणणाऱ्यांना साधारण तीन ते साडेतीन वर्षं थांबावं लागतं. यादीतल्या घरांची संख्या तीस हजारांच्या वर आहे, आणि २०२४-२५ या वर्षात देशात आणि देशाबाहेर मिळून दत्तक गेलेली मुलं होती ४,५१५. तोवरच्या कित्येक वर्षांतला तो सर्वांत मोठा आकडा. महाराष्ट्र यात सतत पुढे राहिला आहे, तरी रांग तेवढीच लांब दिसते. लोक मला विचारतात, एवढी अनाथ मुलं आहेत म्हणता, मग आम्हाला मूल का नाही? संस्थेत राहणाऱ्या बहुतेक मुलांना कुणी ना कुणी असतं, आणि कायद्यानं मुक्त झाल्याशिवाय मूल दत्तक देता येत नाही. सापडलेल्या बाळासाठी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, पोलिसांकडून शोध घ्यावा लागतो. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर बाल कल्याण समितीला त्यासाठी दोन महिने आहेत, मोठं असेल तर चार. आईनं स्वतः येऊन बाळ सोपवलं असेल तर तिला फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात.

या साठ दिवसांवर मी अनेक घरांतून त्रागा ऐकलाय. मूल तिकडे पाळण्यात पडलंय, आम्ही इकडे झुरतोय, आणि सरकार तारखा मोजतंय. तेव्हा मी सांगते, की ते साठ दिवस सरकारचे नाहीत. सही करून घरी गेलेल्या, अंगावरचं दूध अजून न आटलेल्या एका बाईचे आहेत. तिला परत यावंसं वाटलं तर दार उघडं पाहिजे. तिची वाट पाहून झाल्यावरच आपली वाट सुरू होते. हे ऐकून जी माणसं गप्प होतात आणि मग “बरोबर आहे” म्हणतात, त्यांच्या अहवालात मी त्या भेटीबद्दल दोन ओळी जास्त लिहिते.

जयगडच्या त्या घरात हे ऐकून बोलली ती सासू. साठीची, गुडघे गेलेली, पण आवाज खणखणीत. “तिचाच आधी हक्क, बाय. तिनं नाय म्हटलं तरच आमचा.” घर खाडीच्या अंगाला, जांभ्याच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरलेल्या. मुलगा मालवाहू जहाजावर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. सून शिवणकाम करते, गावातल्या मुलींचे शाळेचे गणवेश तीच शिवते. लग्नाला बारा वर्षं झालेली. रत्नागिरी, कोल्हापूर, मुंबई असे डॉक्टर करून झालेले. २०२१ मध्ये त्यांनी नोंदणी केली तेव्हा तो घरी होता, म्हणून गृहभेट दोघांसमोर होऊ शकली. बोटीवरच्या माणसाच्या बाबतीत ही एक मोठीच अडचण. सहा-सहा, नऊ-नऊ महिने तो घरी नाही, आणि आमचा अहवाल दोघांना भेटल्याशिवाय पुरा होत नाही. तो उतरेपर्यंत आम्हीही थांबतो.

त्या पहिल्या भेटीत या सासूबाईंनी, म्हणजे आजींनी, मला सरळ विचारलं, भावकीतला मुलगा घेतला असता तर काय बिघडलं असतं? दिराला तीन मुलगे आहेत. प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्याकडे शतकानुशतकं दत्तक म्हणजे घराण्यासाठी मुलगा. याच रत्नागिरी जिल्ह्यात लांजा तालुक्यातलं कोट हे झाशीच्या नेवाळकरांचं मूळ गाव. गंगाधररावांनी मरणाच्या दारात असताना, १८५३ च्या नोव्हेंबरात, नात्यातल्या आनंदरावाला मांडीवर घेतलं, त्याचं नाव दामोदर ठेवलं, आणि कंपनीनं ते दत्तक मानलं नाही म्हणून पुढचं सगळं घडलं. तिथे गादीला वारस हवा होता. त्यानंतर वीस-एकवीस वर्षांनी, १८७४ मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी यशवंतला दत्तक घेतलं. त्यांनी १८६३ मध्ये सुरू केलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात काशीबाई नावाच्या विधवेनं जन्म दिलेला तो मुलगा. जात वेगळी, रक्त वेगळं, गादीबिदी काही नाही. आणि फुल्यांनी ते कुणापासून लपवलं नाही. तो यशवंत डॉक्टर झाला, १८९७ च्या प्लेगमध्ये त्यानं रोग्यांची सेवा केली, आणि त्याच साथीत सावित्रीबाई गेल्या. मी हे ओटीवर बसून सांगत होते, आजी तांदूळ निवडत ऐकत होत्या. सुपातले खडे बाजूला काढून झाल्यावर म्हणाल्या, “मग आमच्याकडं पोरगी येऊ दे.”

त्या वेळी सुनेनं मला घर दाखवलं. विहिरीचा कठडा गुडघ्याएवढा. पायऱ्यांना कठडाच नाही. स्वयंपाकघरात विळी भिंतीला टेकवून उभी, कोनाड्यात गळ आणि शिशाची वजनं. मी लिहून घेतलं आणि म्हटलं, मूल यायला वेळ आहे, तोवर हे सावकाश करा. पुढच्या वेळी गेले तेव्हा विहिरीवर लोखंडी जाळी बसली होती, कुलपासकट. पायऱ्यांना लाकडी फाटक आलं होतं. फाटकाची कडी बाहेरच्या बाजूनं आणि वर लावलेली, मोठ्या माणसाचाच हात पोचेल अशी. तोपर्यंत मुलाचा पत्ता नव्हता, यादीत त्यांचा क्रमांक कितीतरी हजारांत होता. पण येणारी-जाणारी माणसं विचारू लागली, जाळी कशाला? आणि आजी सांगू लागल्या, आमच्याकडं नात यायचीय.

वहीची कल्पना माझी, पण ती मला सुचली पुण्यात, फार पूर्वी.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी पुण्याच्या एका संस्थेत उमेदवारी करत होते. तेव्हा परदेशी जोडपी मूल न्यायला येत. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आंतरदेशीय दत्तकाला नियम घालून दिले होते. तरी परदेशी माणसांना इथे दत्तक घेता येत नसे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानं न्यायालय त्यांना फक्त पालक नेमायचं, आणि दत्तकविधान त्यांच्या देशात जाऊन व्हायचं. न्यायालय झालं की पारपत्र, मग व्हिसा. एखादा कागद अडला की ही माणसं अनोळखी शहरात आठवडेच्या आठवडे अडकून पडत. मी त्यांच्यासोबत कचेऱ्यांत जायची.

त्यांतलं एक स्वीडिश जोडपं मला अजून लख्ख आठवतं. डेक्कनच्या बाजूला एका वाड्यात खोली घेऊन राहिले होते. ती बाई रोज सकाळी खिडकीत बसून लिहायची. दूधवाला किती वाजता येतो, समोरच्या काकू रांगोळी कशी काढतात, कोपऱ्यावरच्या दुकानात रेडिओ कुठला लागतो, केळी डझनाला काय भाव. संस्थेतल्या मावशी बाळाला तेल कसं लावतात, धुरी कशी देतात, लंगोटाची गाठ कुठे येते, हे तिनं चित्रं काढून ठेवलं होतं. मावशींचं नाव तिनं माझ्याकडून देवनागरीत लिहून घेतलं. मी विचारलं, कंटाळा नाही येत? ती म्हणाली, ही मुलगी मोठी झाल्यावर विचारेल की मी जिथली आहे ते गाव कसं होतं. तेव्हा मला नुसतं ‘उकडत होतं आणि गर्दी होती’ एवढंच सांगायचं नाही. कचेरीतल्या बाकावर बसल्या बसल्या हा विचार त्या बाईनं केला होता. आमच्यापैकी कुणालाच तोवर तो सुचला नव्हता. मूल कुठून आलं हे पुसायचं, नवीन पाटी द्यायची, अशीच आमची समजूत होती. मूल पाटी कोरी घेऊन येत नाही, हे मला त्या खिडकीत कळलं.

तेव्हापासून वाट पाहणाऱ्या प्रत्येक घराला मी सांगते, एक वही घाला. मुलाला उद्देशून लिहा. मोठं काही नको, रोजचं लिहा. बहुतेक जण आठवडाभर लिहितात आणि सोडून देतात. जयगडच्या या दोघांनी साडेतीन वर्षं लिहिलं.

तिची वही शाळेची, दोनशे पानी. अक्षर शिवणीच्या टाक्यांसारखं बारीक, एका मापाचं. तिच्या नोंदी वाडीच्या. आज वारा फार, तवसाळची फेरीबोट दुपारपर्यंत बंद. आज समोरच्या खडकावर कालवं काढायला बायका गेल्या, मी गणवेशांमुळे गेले नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हाच्या नोंदी जाळी विणणाऱ्या पुरुषांच्या, सुक्या बांगड्याच्या आमटीच्या, पाऊस पत्र्यावर वाजतो म्हणून फोनवर नीट ऐकू आलं नाही त्याच्या. नारळी पौर्णिमेला बोटी पुन्हा बाहेर पडल्या की कुणाकुणाची बोट, तिचं नाव, रंग. मधूनच: आज अमकीनं विचारलं, मुलगी कधी येणार. मी सांगितलं, यादी सरकतेय.

त्याच्या नोंदी फोनवर यायच्या आणि ती त्या वहीत उतरवून घ्यायची. जहाजावरच्या माणसाची सवय, प्रत्येक नोंदीला आधी अक्षांश-रेखांश, वारा, समुद्र कसा आहे ते, आणि मग एखाद-दुसरं वाक्य. कोरियातल्या एका गोदीत जहाज दुरुस्तीला लागलं होतं तेव्हाचं वाक्य: इथल्या आज्या नातवंडं पाठीला बांधून बाजारात येतात, आईच्यानं गुडघ्यामुळे हे होणार नाही, मी करीन. रॉटरडॅमचं: बाप सायकल चालवतोय, पुढच्या लाकडी पेटीत दोन पोरं, पावसात, पोरं हसतायत. एकदा जहाजावरच्या फिलिपिनो खानसाम्याच्या मुलीचा वाढदिवस सगळ्यांनी मिळून फोनवरून साजरा केला. बापानं केक कापला, मुलीनं तिकडे मेणबत्ती विझवली. त्यानं त्याखाली लिहिलं, तुझ्या वाढदिवसाला मी कुठे असेन ते आत्ता सांगता येत नाही, पण असंच करू. मला हे वाक्य फार आवडलं, कारण त्यात खोटं आश्वासन नव्हतं. बोटीवरच्या बापाची मुलगी होणं म्हणजे काय, हे तो तिला आधीच सांगून ठेवत होता.

गृहभेटीत मी त्यांना याबद्दल कडकच विचारलं होतं. मूल आधीच एकदा दुरावलेलं असतं. ते घरात रुळतंय न रुळतंय तोच बाप सहा महिने निघून गेला तर? त्यावर ती म्हणाली, “जाणं इथल्या पोरांना नवीन नाही, मॅडम. न सांगता गेलेलं माणूस लागून राहतं. सांगून गेलेलं परत येतं.” तिचे वडील मासेमारीतले. तिनं हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

आणि शिमगा. रत्नागिरीकडचा माणूस गणपतीला कदाचित येणार नाही, पण पालखीला येतो. ग्रामदेवतेची पालखी घराघरांत येते, अंगणात नाचते, ओटी भरली जाते आणि मानकरी गाऱ्हाणं घालतात. वाट पाहण्याच्या काळातल्या एका शिमग्याला या घराचं गाऱ्हाणं काय घालायचं ते आजींनी आधीच सांगून ठेवलं होतं. भरल्या अंगणात, सगळ्या वाडीसमोर मानकऱ्यांनी देवाला सांगितलं, की या घरात दत्तक लेकरू यायचं आहे, ते जिथे असेल तिथे सुखी ठेव आणि त्याची वाट मोकळी कर. आणि अंगणभर ‘होय महाराजा’ झालं. सुनेनं मला नंतर सांगितलं, की गरोदरपणात सात महिन्यांची ओटी भरतात, डोहाळजेवण होतं, आपलं काहीच झालं नाही याची खंत तिला होती. त्या दिवशी ती गेली. दत्तकाची वाट पाहणाऱ्या बाईसाठी आपल्याकडे एकही विधी नाही. त्या आजीनं एक केला.

मूल सुचवल्याचा संदेश आला २०२४ च्या अखेरीस. अशा वेळी हातात ४८ तास असतात. मुलाचा फोटो, बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल पडद्यावर येतो, आणि त्या ४८ तासांत ‘होय’ म्हणून मूल राखून ठेवायचं असतं. नाहीतर ते पुढच्या घराला दाखवलं जातं. नवरा त्या वेळी युरोपातून सिंगापूरकडे निघालेल्या जहाजावर होता. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून त्यांच्या कंपनीनं सुएझचा रस्ता सोडला होता. सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून, दहा-बारा दिवस जास्त घेऊन जहाज चाललेलं. संदेश आला तेव्हा ते आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात होतं.

तिनं मला फोन केला तेव्हा तिचा आवाज ओळखू येत नव्हता. मी रत्नागिरीच्या एका बालरोगतज्ज्ञांना अहवाल दाखवला. वजन थोडं कमी, रक्त थोडं कमी, काळजीचं काही नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. जहाजावर उपग्रहाचं इंटरनेट होतं, पण मोजून मिळणारं. फोटो जाईना. तिनं अहवाल वाचून दाखवला, आवाज रेकॉर्ड करून, तुकड्या-तुकड्यांनी. मुलगी सव्वा वर्षाची. आधार धरून उभी राहते. अनोळखी माणसाला बघून रडते, मग थांबते. त्याचं उत्तर आलं ते नेहमीच्याच पद्धतीनं: अक्षांश, रेखांश, वारा नैर्ऋत्य, समुद्र खवळलेला. मग: हो. फोटो न बघता हो. तिनं राखून ठेवण्याचं बटण दाबलं तेव्हा आजी शेजारी बसून होत्या. त्यांनी विचारलं एवढंच, की पोरगी आता तिकडं कुणाजवळ झोपते?

त्यानंतर तीस दिवसांत दोघांनी संस्थेत हजर व्हायचं असतं. जहाज सिंगापूरला लागायला तीन आठवडे होते. केप ऑफ गुड होपजवळ हवा बिघडली तर? बदली माणूस वेळेवर आला नाही तर? ते तीन आठवडे सगळी वाडी जहाजाचा नकाशा फोनवर बघत होती. आता तशी ॲप आहेत, जहाजाचं नाव टाकलं की ठिपका दिसतो. किराणा दुकानात, फेरीच्या धक्क्यावर, शाळेत लोक एकमेकांना ठिपका कुठे आला ते सांगत. त्याच्या या दिवसांतल्या नोंदीत एका मोठ्या पांढऱ्या पक्ष्याबद्दल आहे, जो पंख न हलवता दिवसभर जहाजाच्या मागे येत राहिला. नवरा सिंगापूरला उतरला, विमानानं मुंबईला आला. ती आणि आजी कोकण रेल्वेनं मुंबईला गेल्या, आणि तिघं तिथून विदर्भात, जिथे मुलगी होती त्या गावी.

तिथे त्यांना चार दिवस राहावं लागलं. एका लॉजमध्ये, नवी हवा, नवी बोली, पाण्याला वेगळी चव. आजींना मासे नाहीत म्हणून जेवण जाईना. पण सून रोज वहीत लिहीत होती, आणि ती पानं मला त्या सगळ्या वहीत सर्वांत मोलाची वाटतात. संस्थेच्या आवारात कडुलिंबाची तीन झाडं. मुलीला सांभाळणाऱ्या ताई तिला ‘बुढी’ म्हणतात, लाडानं. सकाळी सात वाजता खिचडी. दुपारी सतरंजीवर ओळीनं झोपवतात. खोलीतला दिवा रात्रभर चालू असतो. शेजारच्या पाळण्यातल्या मुलाचा हात धरून झोपते. स्वीडिश बाईनं डेक्कनच्या खिडकीत बसून जे केलं तेच ही जयगडची शिवणकाम करणारी बाई आपल्याच राज्यातल्या परक्या गावी करत होती.

दत्तकपूर्व संगोपनाचे कागद होऊन मुलगी जयगडला आली. दत्तकाचा आदेश आता जिल्हाधिकारी देतात. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, त्यापूर्वी न्यायालयात जावं लागे. तो आदेश पुढे रीतसर आला. पाठपुराव्याच्या भेटी दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं.

पहिल्या भेटीत घर थकलेलं होतं. मुलगी रात्री झोपत नव्हती. दिवा मालवला की किंचाळून उठायची. मी वहीतलं ते पान काढून दाखवलं आणि त्या दिवसापासून दिवा रात्रभर राहिला. दुसरी गोष्ट आजींना झोंबत होती. मुलगी जेवताना भाकरीचा तुकडा मुठीत धरून ठेवायची आणि तो सोडायची नाही, झोपेतसुद्धा. सकाळी मूठ उघडली की भाकरीचा चुरा. आजींना वाटे, लोक म्हणतील पोरीला उपाशी ठेवतात. मी सांगितलं, संस्थेत वाढलेल्या पुष्कळ मुलांचं असं होतं. खाणं पुन्हा मिळेल याची त्यांना खात्री नसते. काढून घेऊ नका. ती खात्री सांगून येत नाही, जेवण रोज वेळेवर समोर येऊनच येते. दुसऱ्या भेटीला गेले तेव्हा ती मूठ सुटली होती. नेमकी कधी सुटली ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मधल्या काळात बाप पुन्हा जहाजावर गेला होता. जाण्याआधी आठ दिवस त्यानं तिला रोज ओटीवर बसवून समुद्रातल्या जहाजाकडे बोट दाखवत सांगितलं होतं, बाबा तिथे जाणार, मग परत येणार. पहिले काही दिवस ती त्याची चप्पल उचलून फाटकापाशी नेऊन ठेवायची.

आता ती अडीच वर्षांची आहे. आईच्या मांडीवर बसून वहीतली पानं ऐकते. पक्ष्याचं पान तिला पुन्हा पुन्हा हवं असतं. कडुलिंबाच्या झाडांचं पानही. ‘बुढी’ म्हटलं की हसते. तिला कळतं किती, हा प्रश्न नाही. ती गोष्ट घरात मोठ्यानं बोलली जाते आणि बोलताना आईचा आवाज बदलत नाही, हे तिला आत्तापासून ठाऊक होतंय.

वहीच्या सुरुवातीला काही पानं कोरी होती. ती जन्मदात्या आईसाठी, असं सुनेनं ठरवलं होतं, पण काय लिहायचं ते समजत नव्हतं. अहवालात दोनच वाक्यं होती. त्यात कुठे रंग भरू नका, असं मी तिला सांगितलं. ‘तुझी आई देवाघरी गेली’ किंवा ‘तिनं तुला टाकलं’, दोन्ही आपल्याला माहीत नाही. जी दोन वाक्यं माहीत आहेत ती लिहा. अठरा वर्षांची झाल्यावर मुलीला आपल्या मुळाची माहिती मागता येते, कायद्यात तशी वाट आहे, संस्थेला कागद जपून ठेवावे लागतात. किती कळेल ते तेव्हाचं तेव्हा. तिनं दोन वाक्यं लिहिली, आणि खाली स्वतःचं एक: आम्ही तिच्याबद्दल घरात बोलतो.

गेल्या महिन्यात वाटदकडच्या एका जोडप्याची गृहभेट केली. मुस्लिम कुटुंब, तो कुवेतला नोकरीला, सुट्टीवर आलेला. बाल न्याय कायद्यानं कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये शबनम हाश्मी यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे, पण नातेवाइकांना ते कसं सांगायचं या चिंतेत दोघं होते. मोहल्ल्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी बोलून पाहिलं. मग जयगडच्या तिला फोन लावला, या दोघांना घेऊन येऊ का? ती म्हणाली, रविवारी आणा, हेही उतरलेत.

रविवारी आम्ही तिघं गेलो. आजींनी पोह्यांवर नारळ भुरभुरला, मुलीनं वही आणून त्या बाईच्या मांडीवर ठेवली. दोन्ही नवरे बाहेर जाऊन बोटीचं आणि कुवेतचं बोलत बसले, मग बोलणं पोरीवर आलं. कुवेतच्या खोलीत एकटं असताना रोज काय लिहू, असं तो विचारत होता, आणि बोसन त्याला सांगत होता की पहिली ओळ वाऱ्याची लिही, पुढचं आपोआप येतं. आमची शेवटची एसटी कधी निघून गेली कुणाला कळलं नाही. त्या दोघांना नि मला खंडाळ्यापर्यंत सोडायला मग तोच गाडी घेऊन निघाला, मुलगी पुढच्या सीटवर आईच्या मांडीत.